विशेष तयारी करू नये

घराची ऊर्जा-तपासणी मंगळवारी सकाळी दहा वाजता होणार असं पत्र आलं, आणि बाईंनी चष्मा पुसून लाल पेन शोधायला घेतलं.

बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. चौतीस वर्षं नोकरी, त्यातली एकोणीस मुख्य खुर्चीत. डॉक्टर त्यांना बाई म्हणत, दूधवाला बाई म्हणे, आणि लग्नानंतर दोन वर्षं नावाने हाक मारून पाहिल्यावर नवऱ्यानेही बहुमतापुढे मान तुकवली होती. नवरा म्हणजे आप्पा. आप्पा ग्रंथपाल होते. आयुष्यभर दुसऱ्यांना गप्प बसवण्याचा पगार घेतल्यामुळे घरी त्यांनी स्वतः फारसा आवाज केला नाही. गेल्या हिवाळ्यात मात्र त्यांना न्यूमोनिया झाला आणि त्यांच्या खोकल्याने कपाटातल्या कपबश्या वाजू लागल्या.

डॉक्टरांनी बजावलं, आप्पांची खोली हिवाळाभर एकोणीस अंशांच्या खाली जाता कामा नये. खोलीने मनावर घेतलं नाही. ती चौदावरून हलेना.

मग चिरंजीवांचे फोन सुरू झाले. चिरंजीव दुसऱ्या शहरात आठव्या मजल्यावर राहत.

"आई, ते घर नाही, चाळण आहे. तुम्ही तिथे बसून आख्खा रस्ता गरम करताय. इकडे या. खोली तयार आहे, लिफ्ट आहे."

"लिफ्टमध्ये राहायचंय का आम्हाला?"

"विषय बदलू नकोस."

विषय एकच होता आणि तो बदलण्यासारखा नव्हता. हे घर बाईंनी आणि आप्पांनी एकेक खोली वाढवत उभं केलं होतं. कुठल्या पायरीवर पाय जरा उचलून टाकायचा हे आप्पांच्या गुडघ्यांना अंधारातही माहीत होतं. आठव्या मजल्यावर जाऊन सुनेच्या फ्रिजचं दार किती जोरात लावायचं हे नव्याने शिकायचं, या वयात, या कल्पनेनेच बाईंच्या कपाळाची शीर उडू लागे. शेवटी तह झाला. नगरपालिकेचा माणूस घर तपासणार, अहवाल देणार, आणि त्या अहवालावर ठरणार. घर राहण्यासारखं आहे असं निघालं तर चिरंजीव पुन्हा तोंड उघडणार नाहीत. नाही निघालं, तर थंडी पडायच्या आत सामानाचा ट्रक.

"लेखी दे," बाई म्हणाल्या. चिरंजीवांनी मेसेज करून दिलं. शेवटी बाईंचाच मुलगा.

पत्रासोबत एक पान सूचनांचं होतं. वर्षभराची विजेची आणि गॅसची बिलं काढून ठेवा. खिडक्या लावून ठेवा. बॉयलरपर्यंत आणि माळ्याच्या झाकणापर्यंत जायला वाट ठेवा. तपासनीस प्रत्येक खोलीत येतील, पंखा लावून घराची गळती मोजतील, कॅमेऱ्याने भिंती पाहतील, तुम्हाला प्रश्न विचारतील. तीन तास लागतील, लहान मुलं आणि कुत्री दूर ठेवा. बाईंनी दोन ठिकाणी स्वल्पविराम घातले आणि नवव्या सूचनेपाशी थांबल्या. "घर नेहमीसारखेच असू द्यावे. तपासणीनिमित्त कोणतीही विशेष तयारी करू नये."

बाई हसल्या. जुना ओळखीचा माणूस रस्त्यात भेटावा तशा हसल्या.

शाळेच्या तपासणीचं परिपत्रक दरवर्षी येई आणि त्याच्या शेवटी हेच वाक्य असे. चौतीस वर्षांत ते वाक्य खरं मानणारे एकच मुख्याध्यापक बाईंच्या पाहण्यात आले होते. त्यांची बदली झाली. बाईंच्या शाळेत मात्र आठ दिवस आधीपासून धावपळ असे. रस्त्यावरून दिसणाऱ्या भिंतीला रंग. मोडके बाक मागच्या खोलीत, खोलीला कुलूप, किल्ली बाईंच्या पर्समध्ये. सातवी ब च्या भिंतीवर गळतीचा मोठा ओघळ होता, त्यावर जगाचा नकाशा. ज्यांना काहीच येत नसे ती मुलं त्या दिवशी बागेला पाणी घालत. बाग सुंदर होती. शेरा दरवर्षी "उत्तम" येई, आणि शेरा उत्तम असल्यामुळे छताच्या दुरुस्तीला कधी मंजुरी मिळत नसे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं बाईंच्या मनात कधी आलं नव्हतं. वेळ कुठे होता?

"दोन दिवस आहेत," बाई म्हणाल्या. "पुरतील."

आप्पा शालीतून म्हणाले, "त्यात लिहिलंय की काही करू नका."

"लिहायचं असतं ते."

बाईंनी वही काढली, पहिल्या पानावर "झाकायच्या जागा" असं लिहून खाली रेघ ओढली आणि ओला हात हवेत धरून घरभर फिरल्या. जिथे हाताला गार लागलं ती जागा यादीत. बैठकीच्या खोलीतल्या तिन्ही खिडक्यांच्या चौकटी. सिंकखालचं पाइपाचं भोक. विजेची दोन बटणं, ज्यांच्यातून वारा असा यायचा की दिवा लागतोय की विझतोय ते कळू नये. पुढच्या दाराची फट, जिच्यातून पोस्टमन दार न वाजवता पत्र टाकत असे. उत्तरेच्या भिंतीचा तडा. एकेचाळीस जागा भरल्या. चिकटपट्टीची सहा रिळं, फटी भरायची लांबी, जुने मोजे, चादरींच्या पट्ट्या. उत्तरेच्या तड्यावर नकाशा आला. तोच, सातवी ब चा. निवृत्त होताना शाळेकडे बाईंनी मागून घेतलेली ती एकमेव वस्तू. माळ्याच्या झाकणावर त्यांनी स्टुलावर चढून पांढरा कागद चिकटवला आणि वरून रंग फिरवला, आणि स्टूल धरून उभ्या असलेल्या आप्पांना सांगितलं की आपल्याकडे माळा नाही.

स्वयंपाकघराच्या मागच्या कोनाड्यात घर गरम ठेवणारा गॅसचा बॉयलर होता. त्याच्या शेजारच्या भिंतीत वहीएवढी जाळी होती आणि तिच्यातून वारा येत असे, उघड उघड, जनाची नाही मनाची नाही. बाईंनी तिच्यावर पुठ्ठा ठेवून चारी बाजूंनी टेप लावली आणि वरून रंग दिला. यादीत क्रमांक सतरा. रंगाचा वास जावा म्हणून स्वयंपाकघराचा धूर बाहेर फेकणारा पंखा चालू ठेवला, आणि तपासनिसांना घर उबदार वाटावं म्हणून बॉयलर मोठा केला.

घराच्या मागच्या अंगाला चिरंजीवांची जुनी खोली होती. तिच्या दारासमोर बाईंनी तीन वर्षांपूर्वीच लोखंडी कपाट सरकवलं होतं. ती खोली त्यांनी यादीत लिहिली नाही. वहीत लिहिण्यासारखी ती गोष्टच नव्हती.

सोमवारी संध्याकाळपासून बाईंचं डोकं दुखू लागलं. तपासणीच्या आदल्या दिवशी त्यांचं डोकं चौतीस वर्षं दुखत आलं होतं. दुखलं नसतं तर काळजी वाटली असती.

"माझंही दुखतंय," आप्पा म्हणाले.

"तुमचं कशाला? तपासणी माझी आहे."

मंगळवारी दहाला पाच कमी असताना दार वाजलं. बाईंच्या डोक्यातला तपासनीस ढेरपोट्या होता, हातात फाइल आणि मागे शिपाई. दारात उभी होती तिशी-पस्तिशीची एक मुलगी, गुडघ्यांना गवंड्यासारखी पॅड बांधलेली, खांद्यावर स्वतःहून मोठी पिशवी.

"नमस्कार काकू. ऊर्जा-तपासणी."

"या, या. साहेब मागून येताहेत का?"

"साहेब मीच. बूट काढू?"

काकू हा शब्द बाईंना लागला. पण तपासणीच्या दिवशी तपासनिसाच्या चुका काढायच्या नसतात. त्यांनी तिला आत घेतलं. चहाचं सगळं मांडून ठेवलं होतं. मुलगी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आली आणि तिच्या पिशवीच्या पट्ट्याला लावलेलं काडेपेटीएवढं यंत्र किंचाळायला लागलं.

तिने यंत्राकडे पाहिलं. मग कोनाड्याकडे पाहिलं.

"काकू, काका, बाहेर. आत्ता."

"चहा घेऊन मग..."

"चहा बाहेर. काका, उठा. हात द्या."

दोन मिनिटांत बॉयलर बंद झाला, गॅसची कळ बंद झाली, पुढचं-मागचं दार सताड उघडलं, आणि बाई स्वतःच्याच अंगणात उभ्या होत्या. तपासनिसाने मुख्याध्यापिकेला शाळेबाहेर काढल्याचं उदाहरण त्यांच्या माहितीत नव्हतं. आप्पा दोन शालींत गुंडाळून बाकावर बसले होते आणि त्यांचा रंग रद्दीच्या कागदासारखा झाला होता.

"अडतीस," मुलगी यंत्र पाहून म्हणाली.

"शंभरपैकी?" बाईंनी विचारलं.

"शंभरपैकी नाही काकू, शून्य हवं ते. बॉयलरचा जळका वायू आहे. त्याला वास नसतो. डोकं दुखतंय का?"

बाईंनी आप्पांकडे पाहिलं.

"कालपासून," आप्पा म्हणाले. "मला सांगण्यात आलं की माझं दुखायला नको."

"बॉयलरला जळायला हवा लागते. त्यासाठी भिंतीत जाळी असते. तुमची जाळी बंद आहे, वर तो पंखा घरातली हवा बाहेर ओढतोय. मग धुराड्यातून जाणारा वायू उलटा घरात येतो. जाळी कोणी बंद केली?"

बाईंचं तोंड आपोआप उघडलं. चौतीस वर्षांची सवय होती ती, तिला विचार करावा लागत नसे. "ती पहिल्यापासून तशीच आहे."

आप्पांनी बाईंकडे पाहिलं. ग्रंथालयात कोणी पान फाडलं की ते असेच बघत, ओरडत नसत. गार हवेत त्यांना खोकला आला, ते दोन्ही हातांनी बाक धरून वाकले, आणि बाईंना एकदम दिसलं की या माणसाला उबेत ठेवण्यासाठी आपण दोन दिवस जिवाचं रान केलं आणि आणखी एक रात्र गेली असती तर घर उत्तम शेऱ्यासकट रिकामं सापडलं असतं.

"मी," बाई म्हणाल्या. "मी बंद केली. पुठ्ठा लावला आणि वर रंग दिला."

"बरं झालं सांगितलंत." मुलीने ते असं म्हटलं की जणू कोणी छत्री कुठे ठेवली ते सांगितलं. "आज संध्याकाळच्या आत दोघांनीही डॉक्टरकडे जाऊन रक्त तपासून घ्यायचं. मी अहवालात लिहिणार आहे, म्हणजे टाळता येणार नाही."

तिने पुठ्ठा काढला, घराला वारा पिऊ दिला, यंत्र शून्यावर येईपर्यंत वाट पाहिली. अर्ध्या तासाने आप्पांनी डोकं हलवून पाहिलं आणि जाहीर केलं की आता आत काही आपटत नाही. मग मोजणी सुरू झाली. तेवढ्यापुरता बॉयलर तसाही बंदच ठेवायचा असतो.

पुढच्या दारात तिने लाल कापडाची चौकट बसवली, कापडाच्या खालच्या भोकात परातीएवढा पंखा. पंखा घरातली हवा बाहेर ओढणार, आणि जेवढी बाहेर जाईल तेवढी कुठून ना कुठून आत येणार. तासाला घरातली हवा किती वेळा बदलते तो आकडा; जितका कमी तितकं घर घट्ट. पंखा घुमू लागला. आप्पांच्या मांडीवरचं वर्तमानपत्र फडफडलं आणि गप्प झालं. मुलगी हातातला कॅमेरा भिंतींवरून फिरवत होती. पडद्यावर ऊब पिवळी-तांबडी दिसत होती आणि गारठा जांभळा. नकाशापाशी ती थांबली.

"काकू, या वाळवंटात फार थंडी आहे."

पडद्यावर नकाशाच्या मधोमध जांभळी नदी वाहत होती. जगाचे दोन तुकडे करत ती थेट दक्षिणेच्या समुद्रापर्यंत गेली होती.

"जुना नकाशा आहे," बाई म्हणाल्या.

"माळ्याचं झाकण कुठे आहे?"

"माळा नाही."

"छप्पर उतरतं आहे, काकू. बाहेरून दिसतोय माळा."

"मला तरी चाळीस वर्षं दिसतोय," आप्पा म्हणाले.

मुलीने वाद घातला नाही. तिने यंत्राचा आकडा वाचला. "सहा पूर्णांक दोन. या वयाच्या घराला? छानच आहे."

बाईंनी आप्पांकडे पाहिलं. बक्षीस-समारंभात आपल्या शाळेचं नाव पुकारल्यावर त्या शेजारच्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडे पाहत, तसं.

"मग झालं तर. अहवाल चांगला."

"एकदम चांगला. प्रमाणपत्र मिळेल, आणि कमी विजेचे आठ दिवे."

"आणि यांची खोली एकोणीस अंशांवर राहील?"

"कशी राहील?" मुलीने पिशवीची चेन उघडली. "हा आकडा फक्त गळतीचा आहे. ऊब टिकायला माळ्यावर जाड अस्तर हवं, भिंतींच्या पोकळीत भरणी हवी. ते सगळं नगरपालिका करून देते, फटीसुद्धा बुजवून देते. पण ज्या घराचा आकडा बारा किंवा जास्त, त्यालाच. तुमचं सहा. तुम्हाला गरज नाही."

"हे कुठे लिहिलंय?"

"सूचनांच्या मागच्या बाजूला."

बाईंनी मागची बाजू पाहिली नव्हती. परिपत्रकाच्या मागच्या बाजूला प्रती कोणाकोणाला पाठवल्या त्यांची नावं असतात, हा त्यांचा अनुभव.

पंखा बंद झाला होता. खिडकीच्या चौकटीवरची टेप एका टोकाला सुटून कुरळी झाली होती. दोन दिवसही झाले नव्हते. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, आप्पांकडे पाहिलं, आणि डोक्यात सरळ हिशेब मांडला. प्रमाणपत्र भिंतीवर लागेल. टेप महिनाभरात गळेल. खोली चौदावर येईल, आप्पा खोकतील, ट्रक येईल. हिवाळ्याला प्रमाणपत्र दाखवून चालत नाही.

"थांब," बाई म्हणाल्या. तपासनीसबाईंची तू कधी झाली ते दोघींच्याही लक्षात आलं नाही. "फेरपरीक्षा घेता येते का?"

"कशासाठी?"

"मला नापास व्हायचंय."

त्या आत गेल्या आणि वही घेऊन आल्या. मुलीने पहिलं पान वाचलं, मग दुसरं. एकेचाळीस जागा, खोलीवार, प्रत्येकीपुढे किती वारा येतो याचा शेरा: मंद, बरा, फार, उद्धट.

"हे तुम्ही केलंत? ओल्या हाताने?"

"हो."

"मला हे शोधायला दोन दिवस लागले असते."

"मला चौतीस वर्षं लागली," बाई म्हणाल्या. "स्टूल धर."

मग घर उघडं पडायला लागलं. बाई वहीतून हजेरी घेत. "क्रमांक एक, बैठकीची पहिली खिडकी!" आणि आप्पा खिडकीपाशी खुर्चीवर बसून टेपचं टोक नखाने उचलत आणि म्हणत, "हजर." चिकटपट्टी कशी सोडवायची हे ग्रंथपालाला शिकवावं लागत नाही, रंगाचा पापुद्रासुद्धा न निघता ती लांबच्या लांब सुटून येई. मुलगी सिंकखाली आडवी होऊन मोजे ओढत होती. "हे कोणाचे?" "हजर," आप्पा म्हणाले, "मी दोन दिवस शोधतोय." माळ्याच्या झाकणावरचा कागद बाईंनी स्वतः फाडला. मुलगी वर चढली आणि धुळीने माखलेलं डोकं खाली काढून म्हणाली की अस्तर नावालाही नाही, पण उंदरांनी आपल्यापुरती सोय केली आहे. नकाशा शेवटी निघाला. तड्यातून आलेल्या वाऱ्याने तो बाईंच्या हातातून जवळजवळ ओढून घेतला.

"सतरा तर आधीच निघालाय. एकेचाळीस पूर्ण," बाई म्हणाल्या. त्यांच्या केसांत लांबी होती. "लाव पंखा."

पंखा घुमला. या वेळी घरभर शिट्ट्या वाजल्या, पडदे आत झेपावले, विजेच्या बटणांनी तोंडं उघडली. बाई आकड्याकडे असं बघत होत्या की जणू नजरेने तो वर ढकलता येईल.

"अकरा पूर्णांक चार," मुलगी म्हणाली.

"बारा लागतात."

"हो."

"सहा दशांशासाठी अडवतेस? आम्ही पाच-पाच गुण वाढवून मुलं वर ढकलत होतो."

"कळतंय, काकू. पण आकडा यंत्रातून थेट कार्यालयात जातो. माझ्या हातात नाही."

बाई स्टुलावर बसल्या. मग आप्पा, टेपच्या ढिगाऱ्यातून, ग्रंथालयातल्या आवाजात म्हणाले, "बाई, बेचाळिसावी."

"यादीत एकेचाळीसच आहेत."

"म्हणूनच म्हणतोय."

बाईंनी वही मिटली. मागच्या अंगाच्या त्या खोलीचं छत तीन हिवाळ्यांपूर्वी एका कोपऱ्यातून खाली आलं होतं. भिंतीला ओल होती, वर कौलांच्या फटीतून उजेड दिसायचा. बाईंनी दार लावलं, पुढे कपाट सरकवलं आणि चिरंजीवांना सांगितलं की खोलीत पुस्तकं रचली आहेत. तेव्हापासून चिरंजीव आले की बैठकीत गादीवर झोपत आणि आपल्या खोलीत आप्पांची पुस्तकं आहेत म्हणून आप्पांवर रुसत. आप्पांनी ते तीन वर्षं ऐकून घेतलं होतं.

"अहवालात हे येतं का?" बाईंनी विचारलं. "म्हणजे एखादी खोली असली तर?"

"फोटोसकट येतं."

"आणि अहवाल कोणाकोणाला जातो?"

मुलीने कागद पाहिला. "तुम्हाला, आणि तुम्ही दुसरा ईमेल दिलाय त्यांना."

दुसरा ईमेल चिरंजीवांचा होता. उत्तम शेरा त्यांना परस्पर कळावा म्हणून बाईंनीच दिला होता, सुवाच्य अक्षरात.

छत पडलेली खोली पाहिली की चिरंजीव ट्रक घेऊन निघणार. खोली दाखवली नाही तर अकरा पूर्णांक चार, आणि ट्रक थंडीबरोबर येणार. दोन्हीकडे ट्रक होता. फरक इतकाच की एका वाटेने माळ्यावर अस्तर पडण्याची शक्यता होती आणि दुसरीने नव्हती. बाई उठल्या, बाह्या मागे सारल्या.

"कपाट लोखंडी आहे. तू डावीकडून धर. तुम्ही बसा हो, तुम्हाला कोणी बोलावलं?"

"मी देखरेख करतोय," आप्पा म्हणाले.

कपाट किंचाळत सरकलं. लादीवर दोन पांढरे ओरखडे उमटले. दार फुगलं होतं; बाईंनी खांदा लावला, मुलीने गुडघ्याचं पॅड लावलं, आणि ते एकदम उघडलं. खोलीचा तीन वर्षांचा कोंडलेला गारठा पंख्याच्या ओढीने बाहेर धावला. कोपऱ्यात छताच्या फळ्यांचा ढीग होता, त्यावर भिंतीतून सुटून आलेली चिरंजीवांची खुंटी, खुंटीला अजून शाळेचं दप्तर.

मुलीने फोटो काढले. एकही शब्द बोलली नाही, आणि त्याबद्दल बाईंनी तिला मनातल्या मनात वरचा वर्ग दिला. मग तिने आकडा वाचला.

"चौदा पूर्णांक नऊ."

"नापास?"

"दणदणीत."

आप्पांनी टाळी वाजवली, एकच, हळू.

मुलीने बाकीचं काम उरकलं. बॉयलर पुन्हा लावून, सगळे पंखे चालू करून त्याचा वायू नीट वर जातो ते पाहिलं, आणि जाळीवर "बंद करू नये" असा लाल कागद लावला. छताची दुरुस्ती आधी, मग अस्तर, मग भिंती. नगरपालिकेची माणसं तीन आठवड्यांत येतील, थंडीच्या आधी होईल. तोवर आप्पांच्या खोलीसाठी कार्यालयातून एक विजेचा हीटर.

"अहवाल संध्याकाळी पाठवते," ती दारात बूट घालताना म्हणाली. "येते, बाई."

तिला ते कोणी सांगितलं नव्हतं.

बाईंनी दार लावलं. फटीतून वारा पूर्वीसारखा यायला लागला. घड्याळात अडीच वाजले होते. संध्याकाळपर्यंत थांबलं तर चिरंजीवांना ईमेलमधून कळणार होतं. बाईंनी फोन लावला.

"झाली तपासणी?" चिरंजीव म्हणाले. "काय शेरा?"

"नापास झालो. आधी पास झालो होतो, मग मी सुधारलं. आता सगळं काम नगरपालिका करून देणार आहे. ऐक. तुझ्या खोलीत पुस्तकं नाहीत. छत पडलंय, तीन वर्षं झाली. मी सांगितलं नाही. आणि परवा मी बॉयलरची जाळी बुजवली, आमची डोकी दुखली, आता डॉक्टरकडे निघालोय. आप्पांचा यात काही दोष नाही, त्यांच्यावर रुसणं बंद कर."

बाईंनी फोन कानापासून दूर धरून पाहिला; चालू होता.

"तीन वर्षं मी त्या गादीवर झोपतोय," चिरंजीव म्हणाले.

"हो."

"आई, मी उद्या ट्रक घेऊन आलो तर तुला काय बोलता येईल?"

"काहीच नाही. पण तू लेखी दिलंयस, घर राहण्यासारखं निघालं तर. निघणार आहे. दीड महिना दे."

चिरंजीवांच्या मागे कुठेतरी लिफ्टची घंटा वाजली.

"थंडी पडली की मी येणार," चिरंजीव शेवटी म्हणाले. "थर्मामीटर घेऊन. आप्पांच्या खोलीत एकोणीस नसलं तर त्याच दिवशी दोघांना गाडीत घालणार. चालेल?"

"चालेल."

"कधी येतो ते आधी कळवतो."

बाईंनी आप्पांकडे पाहिलं. आप्पा सापडलेले मोजे पायात चढवत होते.

"नको," बाई म्हणाल्या. "न कळवता ये."